प्रोफाइलवर ‘पुरुष’ निवडलं आणि पोस्ट पळायला लागली : अल्गोरिदमला बाई दिसते का?

तिन्हीसांजा (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी पुलांच्या संरचनेचं काम करते. जुन्या कमानीतल्या तड्यांवरून काय ओळखायचं, बेअरिंग का झिजतात, असलं काहीबाही एका व्यावसायिक साइटवर लिहीत असते. वाचणारे मोजके, पण ठरलेले. गेल्या काही महिन्यांत तेही गायब झाले. एका मैत्रिणीने विचारलं, “लिहिणं सोडलंस का गं?” मी आठवड्यातून दोनदा लिहीत होते!

२०२५ च्या अखेरीस लिंक्डइनवर बऱ्याच बायकांनी प्रोफाइलमध्ये ‘पुरुष’ निवडून पाहिलं आणि पोहोच वाढल्याचं सांगितलं, ते आठवत असेल. पोस्ट कुणाला दाखवायची हे ठरवताना आम्ही लिंग बघत नाही, असं कंपनीने स्पष्ट केलं होतं. मी लिहिते ती साइट वेगळी, नाव लिहीत नाही. पण म्हटलं, करून तर बघू. नावाची आद्याक्षरं ठेवली, माझा फोटो काढून पुलाचा लावला, रकान्यात ‘पुरुष’ निवडलं. दोन आठवड्यांत पोहोच साधारण चौपट झाली. त्याहून मजेशीर म्हणजे, “मॅडम, जरा पायाभूत पुस्तकं वाचा” म्हणणाऱ्यांपैकीच एकजण आता “सर, आपलं मार्गदर्शन हवं होतं” म्हणून आला.

प्रश्न दोन. हे यंत्र (म्हणजे कोणती पोस्ट कुणाला दाखवायची ते ठरवणारा अल्गोरिदम) करतंय की माणसं? आणि यंत्र करत असेल तर सरकारने त्यात हात घालावा का?

खडूस_आजोबा

पहिला!! मी आजपासून ‘स्त्री’ निवडतो. घरात माझी पोहोच शून्यच आहे, निदान बाहेर तरी बघू. (हलकेच घ्या.)

कोडगा

जाहिराती कुणाला दाखवायच्या हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर काही वर्षं काम केलंय, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडं.

‘यंत्र की माणसं’ असे दोन कप्पे पाडता येत नाहीत. पोस्ट आधी थोड्या लोकांपुढे जाते. ते थांबले, वाचलं, काही लिहिलं, की पुढच्या घोळक्याकडे. पहिल्याच घोळक्याने बाईचा फोटो बघून ‘पुलातलं हिला काय कळणार’ म्हणत अंगठा वर सरकवला की खेळ खलास. लिंग नावाचा रकाना त्या हिशोबात कुठेच आलेला नसतो. कंपनी खरं बोलत असते आणि तुमची पोस्ट तरीही मरते.

दुसरं उदाहरण माणसांच्या पूर्वग्रहाचंही नाही. अॅनिया लॅम्ब्रेक्ट आणि कॅथरिन टकर या दोघींनी विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातल्या करिअरची एक जाहिरात १९१ देशांत दाखवली. बाई-पुरुष असा भेद नको, असं यंत्रणेला सांगून. २०१९ साली हा अभ्यास छापून आला. जाहिरात पुरुषांना सुमारे २० टक्के जास्त वेळा दिसली. बायका क्लिक करत नव्हत्या असं समजू नका, ज्यांना दिसली त्या पुरुषांपेक्षा जास्तच करत होत्या. गोम लिलावात होती. तरुण बायकांचं लक्ष वेधायला सगळेच जाहिरातदार चढी बोली लावतात, म्हणून त्या महाग. यंत्राला कमी पैशांत जास्त डोळे हवे होते, पुरुष स्वस्त पडले. कुणाच्याही मनात काळंबेरं नाही, आणि जाहिरात पोचायची तिथे पोचली नाही.

नीलपंख

कोडगा, माहितीबद्दल धन्स, पण ‘कुणाच्याही मनात काळंबेरं नाही’ हे नाही पटलं. ‘स्वस्त असेल ते उचल’ ही आज्ञा कुणीतरी बसून लिहिलीच ना? परिणाम कळल्यावरही ती तशीच ठेवली, तेव्हा तर मन होतंच.

उंटावरचा_शहाणा

तिन्हीसांजा, राग मानू नका, पण एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यात. नाव, फोटो, रकाना. त्या दोन आठवड्यांत काय लिहिलंत तेही सांगितलेलं नाही. कदाचित तो पूलच देखणा असेल.

आणि पूर्वग्रह दर वेळी बायकांच्याच मुळावर येतो असंही नाही. ट्विटरची फोटो कापणारी यंत्रणा आठवते का? मोठा फोटो टाकला की त्यातला ‘महत्त्वाचा’ भाग आपोआप निवडायची. २०२० मध्ये लोकांनी आरडाओरडा केला, २०२१ मध्ये ट्विटरने स्वतःच तपासणी छापली. बाई आणि पुरुष एकत्र असतील तर झुकतं माप बायकांना, फरक ८ टक्के. गोऱ्या आणि काळ्या माणसांत मात्र गोऱ्यांना, फरक ४ टक्के. शेवटी ती यंत्रणाच काढून टाकली. कुणी कायदा केला नव्हता, हे नमूद करतो.

तिन्हीसांजा

@उंटावरचा_शहाणा, राग कसला. पुलाची भारचाचणी कुणी अशी घेतली असती तर मीच त्याला कामावरून घरी पाठवलं असतं. आणि तुम्ही विचारलंत म्हणून मागे जाऊन पाहिलं. त्याच पंधरवड्यात मी एका कोसळलेल्या पुलावर लिहिलं होतं. कोसळलेलं काहीही लोक आवडीने वाचतात. म्हणजे माझी चौपट आता थोडी लंगडीच झाली.

कोडगा

उंटावरचा_शहाणा यांचा (उंशांचा) आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच एका खात्यावर हे सिद्ध होत नाही. नीट केलेला प्रयोग हवा असेल तर २०१९ चाच, अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी फेसबुकवर नोकरीच्या जाहिराती दिल्या, बाई-पुरुष काहीही न निवडता. सुपरमार्केटमधल्या कॅशियरच्या कामाची जाहिरात पाहणाऱ्यांत ८५ टक्के बायका निघाल्या. लाकूडतोडीच्या कामाची पाहणाऱ्यांत ९० टक्के पुरुष.

मग त्यांनी खरी मेख मारली. जाहिरातीतला फोटो ९८ टक्के पारदर्शक केला. माणसाला बघून पांढरा कोरा चौकोन दिसेल, काही कळणार नाही. तरीही ‘पुरुषी’ फोटोची जाहिरात पुरुषांकडे आणि ‘बायकी’ फोटोची बायकांकडे गेली. माणसांनी काही पाहून निवडण्याचा प्रश्नच उरला नाही, फोटो यंत्राने वाचला होता.

दिवाभीत

म्हणजे आपल्याला न दिसणारी बाईसुद्धा यंत्राला दिसते! शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. संपादक, धाग्याला कुलूप लावा.

नीलपंख

कुलूप नको, माझं अजून बाकी आहे. :)

मी स्तनपान समुपदेशन करते. बाळाला कसं धरायचं, गाठ कशी ओळखायची, याचे छोटे व्हिडिओ टाकायचे. एका साइटने तीन वेळा उडवले. कारण एकच, ‘लैंगिक स्वरूपाचा मजकूर’. अपील केलं, तर अर्ध्या मिनिटात नकार. अर्ध्या मिनिटात माणूस माझं नावसुद्धा वाचू शकत नाही.

हे फक्त माझं रडगाणं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमध्ये स्तनांच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी पोस्ट इन्स्टाग्रामच्या यंत्राने काढली होती. नग्नतेच्या नियमात कर्करोगाच्या जनजागृतीला सूट लिहिलेली असताना. कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळाच्या पहिल्या काही निकालांत हे प्रकरण होतं. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी स्वच्छ म्हटलं की काढणं चूक होतं, पुरेशी मानवी देखरेख नव्हती, आणि स्त्रियांच्या शरीराला वेगळा नियम लावल्याने अशा चुकीचा भार बायकांवरच जास्त पडतो. मी आता ‘स्त.न.पान’ असं लिहिते. आपल्याच भाषेत चोरासारखं.

शुद्धलेखन_बहाद्दर

नीलपंखताई, तुमचं ‘स्त.न.पान’ वाचून काळजात चर्र झालं, पण यावेळी शुद्धलेखन तपासत नाही.

जरा अवांतर, पण धाग्याशी सांधा आहे. ‘बलात्कार’, ‘आत्महत्या’, ‘पाळी’ हे शब्द लोक आता चांदण्या घालून, टिंबं देऊन लिहितात. म्हणजे ज्या शब्दांची बायकांना तक्रार करताना गरज पडते, तेच गिळून बोलायचं. उलट बाजूला बघा. माझ्या बहिणीला एकाने लिहिलं, “ताई, संध्याकाळी किती वाजता घरी जाता ते माहीत आहे बरं का, काळजी घ्या.” यात एकही अपशब्द नाही. व्याकरणही निर्दोष आहे. तिने तक्रार केली, उत्तर आलं की नियमांचा भंग आढळला नाही. मराठीत धमकी ‘बरं का’मध्ये असते. शब्दांची यादी घेऊन बसलेल्या यंत्राला ते कसं कळणार?

दिवाभीत

‘बरं का’वर बंदी आली तर माझ्या आईचं खातं पहिलं बंद होईल.

काळाकोट

दुसऱ्या प्रश्नावर कुणीच येईना, म्हणून मी.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी साइट जबाबदार नाही, पण काही पथ्यं पाळली तरच. ही पथ्यं २०२१ च्या नियमांनी वाढवली. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असले की ती मोठी साइट, तिने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, दर महिन्याला अहवाल छापायचा. एखाद्या व्यक्तीचे नग्न किंवा खाजगी फोटो, तिचं रूप घेऊन बनवलेले खोटे फोटोसुद्धा, तिने तक्रार केल्यावर उतरवायला २०२१ च्या नियमांत २४ तासांची मुदत घातली होती.

आता गंमत. याच नियमांच्या चौथ्या नियमात लिहिलंय की मजकूर शोधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांचा वेळोवेळी आढावा घ्यावा, त्यांची अचूकता, निःपक्षपातीपणा आणि भेदभाव करण्याचा कल तपासावा. म्हणजे तुम्ही ज्यावर भांडताय तो शब्द २०२१ पासून कागदावर आहे! पण तो काढून टाकण्याच्या यंत्रांपुरता. कोणती पोस्ट वर आणायची, कोणती तळाशी दाबायची, याबद्दल चकार शब्द नाही. आणि मासिक अहवालात मिळतात ते आकडे तक्रारींचे आणि कारवाईचे. तुमच्या यंत्राने बायकांचे किती व्हिडिओ चुकून उडवले असं विचारायचं झालं तर कोणत्या पानावर बघायचं?

उंटावरचा_शहाणा

वकीलसाहेब, तुम्ही कलम ६६अ सोयीस्कर विसरलात. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचा’ असल्या ढगळ शब्दांवर लोकांना आत टाकत होते, शेवटी मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते मोडीत काढलं. सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी हे सरकारी कक्षच ठरवणार, अशी तरतूद २०२३ मध्ये आणली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. बायकांच्या सुरक्षेचं नाव घेऊन दिलेली किल्ली दुसऱ्याच दाराला लागते.

चीनकडे बघा. मार्च २०२२ पासून तिथे शिफारशीच्या यंत्रणांवर नियम आहेत. कंपन्यांनी अल्गोरिदमची नोंदणी करायची, वापरकर्त्याला शिफारशी बंद करायची सोय द्यायची. छान वाटतं ना? त्याच नियमांत ‘सकारात्मक ऊर्जा’ पसरवा असंही आहे. सकारात्मक काय हे कोण ठरवणार, ते सांगायला नको.

काळाकोट

विसरलो नाही हो, ६६अ तर आम्हाला पाठ आहे. पण तुमचे दोन्ही दाखले ‘काय बोलायचं’ यावरचे आहेत. तराजू तपासणं आणि दुकानदाराने काय विकावं हे ठरवणं यांत फरक आहे.

सरळरेघ

तराजू तपासायचा प्रयत्न युरोपने केलाय, म्हणून लिहिते. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यात ४.५ कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असलेल्या साइटना वेगळे नियम आहेत. आपल्या यंत्रणेमुळे कोणते धोके संभवतात याचं दरवर्षी मूल्यमापन करायचं, आणि त्या धोक्यांत लिंगाधारित हिंसा नावानिशी लिहिलेली आहे. माझ्या आवडीनिवडीचा माग न काढता रचलेली फीड हा पर्याय द्यायचाच. बाहेरच्या संशोधकांना आतली आकडेवारी द्यायची. दंड जगभरातल्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत.

कागदी वाघ म्हणाल तर डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरला) १२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कारणं तीन : निळी खूण दिशाभूल करणारी, जाहिरातींचं भांडार धड नाही, संशोधकांना आकडेवारी द्यायला खळखळ. यातलं एकही कारण ‘अमुक पोस्ट का काढली नाहीत’ असं नाही. उंशा, तुमच्या किल्लीचं दार इथे वेगळं आहे की नाही?

उंटावरचा_शहाणा

संशोधकांना आकडेवारी, यावर माझी हरकत नाही. तेवढंच करा. त्यापुढे एक पाऊल टाकलंत तर मी पुन्हा उंटावर.

आत्याबाई

तुम्ही सगळे पोस्ट वर-खाली करण्यावर बोलताय, मी घरातलं सांगते. भाचा चौदा वर्षांचा. व्यायामाचे व्हिडिओ बघायचा, त्यात गैर काय? दोनेक महिन्यांनी जेवताना म्हणाला, “आत्या, बायकांना खरं तर निर्णय घेता येत नाहीत, ते शास्त्रीय आहे.” त्याची आई घरातली सगळी कर्जं फेडते! फोन मागून पाहिला. वजनं कशी उचलायची इथून सुरू झालेलं ‘खरा मर्द’वर गेलं होतं आणि तिथून ‘बाईला मुठीत कसं ठेवायचं’वर. त्याने यातलं काहीही शोधलेलं नव्हतं.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये टिकटॉकवर किशोरवयीन मुलांसारखी खाती तयार करून पाहिलं होतं. पाच दिवसांत स्त्रीद्वेषी मजकुराचं प्रमाण १३ वरून ५६ टक्क्यांवर गेलं. पाच दिवस! आमच्याकडे दोन महिने झाले होते.

दिवाभीत

आत्याबाई, यावेळी विनोद सुचत नाहीये. ‘नको आहे’चं बटण दाबून बघितलंत का?

आत्याबाई

रोज. बोट दुखेपर्यंत.

कोडगा

त्या बटणाची कथा अशी. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये यूट्यूबवर वीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या मदतीने मोजलं. ‘यात रस नाही’ दाबल्याने नकोशा शिफारशींपैकी ११ टक्केच थांबल्या. ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ने ४३ टक्के. त्यामुळे आत्याबाई, व्हिडिओ नाही, चॅनेल अडवा, आणि पाहिलेल्याचा इतिहास पुसून टाका. फार नाही, पण फरक पडतो.

सरळरेघ

ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना खातंच ठेवायची बंदी केली.

आत्याबाई

बंदीने काय होणार? सोळाव्या वाढदिवशी तेच यंत्र दारात उभं असेल. शिवाय आमची भाची त्याच फोनवर चित्रकला शिकली. मी भाच्याशी भांडले नाही, त्याच्याशेजारी बसून बघायला लागले. आता तो स्वतःच म्हणतो, “हा माणूस दर दोन मिनिटांनी काहीतरी विकतोच.” एवढं कळलं तरी पुष्कळ.

रातराणी_७

पहिल्यांदाच लिहितेय, वाचनमात्र असते. माझा चेहरा लावून कुणीतरी घाणेरडा फोटो बनवला होता. साइटचं नाव लिहीत नाही. तक्रारीच्या पानावर ‘हा फोटो तुमचा आहे का?’ असा प्रश्न होता आणि ‘चेहरा माझा, शरीर नाही’ असा पर्यायच नव्हता. ‘नाही’ दाबलं तर तक्रार बंद. ‘हो’ दाबलं तर मी कबूल केल्यासारखं. तासभर त्या दोन गोलांकडे बघत बसले होते.

शेवटी स्टॉपएनसीआयआयची माहिती मिळाली, संमतीविना पसरवलेले खाजगी फोटो रोखणारी ही सेवा. डिसेंबर २०२१ पासून आहे. फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा आकड्यांतला ठसा तेवढा जातो, आणि सहभागी साइटवर तो फोटो पुन्हा चढवला तर त्या ठशावरून ओळखता येतो. अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. इथे कुणाला लागू नये, पण लागलंच तर म्हणून लिहिलं.

नीलपंख

रातराणी, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचनखूण साठवली.

काळाकोट

रातराणी, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, पोर्टलवर बायका आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. पडद्याचा फोटो आणि दुवा, दोन्ही जपून ठेवा. आणि ते दोन गोल मी आमच्या पुढच्या बैठकीत दाखवणार आहे, तुमचं नाव न घेता.

खडूस_आजोबा

हजेरी लावतो. पंधरा दिवस झाले, ‘स्त्री’ प्रयोगाचा अहवाल :

पोहोच : होती तेवढीच, म्हणजे नगण्य. विषय तोच ठेवला होता, घड्याळ दुरुस्ती. फोटो म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा.

निरोप : चौदा. “हाय डिअर” नऊ, “तुम्ही खूप वेगळ्या वाटता” तीन, घड्याळाबद्दल एक. चौदावा रोज पहाटे फुलांसह सुप्रभात पाठवतो. तो माझा जुना सहकारी आहे, तेवीस वर्षं आम्ही शेजारी बसत होतो. अजून सांगितलेलं नाही.

दिवाभीत

आजोबा, सांगू नका. धागा काढा.

तिन्हीसांजा

हसून मुरकुंडी वळली, आजोबा. पण बघा, आपल्या दोघांचे निकाल जुळत नाहीत. तुमच्याकडे यंत्राने काही केलं नाही, माणसांनी केलं. माझ्याकडे कोसळलेल्या पुलाने घोटाळा केला. मी नाव, फोटो, रकाना सगळं परत माझं केलंय. पोहोच पुन्हा खाली आली, पण पूर्वीइतकी नाही. याचा अर्थ काय लावायचा, कोडगा?

कोडगा

बाहेरून काहीच लावता येणार नाही. निदान शंभरेक जोड्या हव्यात, तोच मजकूर, तीच वेळ, फक्त रकाना वेगळा. तरीही आत काय झालं ते फक्त कंपनीला माहीत.

तिन्हीसांजा

शंभर नाहीत, पण दहा जोड्या तरी इथूनच जमतील. मजकूर मी लिहिते, बारा पोस्ट, कोसळलेलं काही नाही. स्वतःच्या खात्यावर फक्त लिंगाचा रकाना बदलायचा, दर दोन आठवड्यांनी उलटा. आकडे इथेच टाकू. कोण येतंय?

नीलपंख

मी. पुलातलं काही कळत नाही, पण त्याने काय बिघडतं.

उंटावरचा_शहाणा

मी येतो. पद्धत नीट असेल तर निकाल काहीही लागो, मान्य करेन. टोपणनावही बदलायचं का? काय ठेवू?

दिवाभीत

उंटावरची_शहाणी.